संगणकशास्त्रातील विद्यावाचस्पती पदवी : टप्पे, परीक्षा आणि त्यांचे प्रयोजन (बेडशाच्या शिलालेखांच्या उदाहरणाने)

विद्यापीठाच्या पदव्यांमध्ये विद्यावाचस्पती, म्हणजेच पीएच.डी., ही पदवी सर्वांत वरची समजली जाते. तथापि तिच्या परीक्षापद्धतीविषयी सुशिक्षित वर्गातही बराच गैरसमज आढळतो. पदवीपरीक्षा, तिच्यानंतर पदव्युत्तर परीक्षा, आणि तिच्यापुढची अधिक लांब व अधिक कठीण अशी आणखी एक परीक्षा, एवढीच सर्वसाधारण कल्पना असते. संगणकशास्त्राच्या बाबतीत ह्या समजुतीत दुसऱ्या एका समजुतीची भर पडते. एखादी कार्यप्रणाली तयार केली, ती चालून दाखविली, की पदवी मिळाली, असे अनेकांस वाटते. ह्या दोन्ही समजुतींमुळे चांगल्या बुद्धीचे उमेदवारही मधल्या टप्प्यावर अडखळतात. त्यांना अपयश येते ते पुष्कळदा ज्ञानाच्या अभावी नव्हे. समोरची परीक्षा नेमके काय तपासू पाहते, हे न कळल्यामुळे येते.

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने संगणकशास्त्रातील पदवीविषयी लिहावे, ह्याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु ह्या दोन शास्त्रांमधील कुंपण आता फारसे उरलेले नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी भाषातज्ज्ञांच्या साहाय्याने मराठीचे शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, उभारले. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापरासाठी दीर्घकाळ काम केले आहे. भाषेचा विद्यार्थी संगणकशास्त्राच्या समितीपुढे उभा राहतो आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास भाषेचे प्रश्न सोडवावे लागतात, अशी आजची स्थिती आहे. म्हणून ह्या पदवीचे टप्पे कोणते, त्यांचा क्रम तसाच का, आणि प्रत्येक ठिकाणी उमेदवाराकडून कशाची अपेक्षा असते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

विवेचनाचे सूत्र आरंभीच सांगितलेले बरे. प्रत्येक परीक्षेच्या वेळी एकच प्रश्न विचारून पाहावा : उत्तर कोणास ठाऊक आहे? पहिल्या परीक्षेत ते परीक्षकास ठाऊक असते. शेवटच्या परीक्षेत ते केवळ उमेदवारास ठाऊक असते. ह्या दोन टोकांमधील प्रवास म्हणजेच विद्यावाचस्पती पदवीचा अभ्यास होय.

१. एक कल्पित विषय

नियमांची नुसती जंत्री दिल्यास विषय नीरस होतो. म्हणून एक विषय कल्पून तो सर्व टप्प्यांतून नेऊन पाहू.

मावळात कामशेतच्या दक्षिणेस, पवना नदीच्या खोऱ्याच्या बाजूस, बेडसे हे गाव आहे. गावामागील डोंगरात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची समजली जाणारी बौद्ध लेणी आहेत. घंटाकृती शीर्षांवर घोडे, हत्ती व बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी कोरलेले उंच स्तंभ असलेले चैत्यगृह, आणि कमानदार छताचा, मागील बाजूस अर्धगोल असा विहार, ही त्यांची दोन वैशिष्ट्ये. येथे प्राकृत भाषेतील आणि ब्राह्मी लिपीतील तीन लेख प्रसिद्ध आहेत. पहिला चैत्यगृहाच्या ओसरीतील खोलीच्या दारावर असून तो नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक ह्याच्या दानाचा आहे. दुसरा कातळात कोरलेल्या एका लहान स्तूपाजवळ आहे. अरण्यात राहणाऱ्या व भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या गोभूती ह्या स्थविराचा तो स्तूप त्याच्या शिष्याने करविला, असा त्याचा आशय. तिसरा पाण्याच्या टाक्यावर असून त्यात महारठिनी सामडिनिका हिच्या दानाची नोंद आहे. भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस ह्यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांतील लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे लेख अभ्यासकांस परिचित आहेत.

आता समजा की, एका उमेदवारास संगणकाकडून असे झिजलेले ब्राह्मी लेख वाचवून घेण्याचा विषय घ्यावयाचा आहे. विषय आकर्षक आहे, आणि फसवाही आहे. तो कसा, हे पुढे दिसेल.

२. प्रवेश : उत्तर परीक्षकाजवळ

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यावाचस्पती पदवीसंबंधी नवी नियमावली प्रसिद्ध केली. तीनुसार विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. जेथे मुलाखतही घेतली जाते तेथे लेखी परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भारांक असतो. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे नेटचे, गुणही ह्या प्रवेशासाठी धरले जाऊ लागले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा 'पेट' ह्या नावाने विद्यार्थ्यांत ओळखली जाते. ह्याच नियमावलीने एम. फिल. ही पदवी बंद केली, त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन ह्यांच्यामधील पूर्वीची एक पायरी नाहीशी झाली.

ही परीक्षा पूर्वीच्या परीक्षांसारखीच असते. प्रश्न ठरलेले, उत्तरे ठरलेली, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याजवळ गुरुकिल्ली. उमेदवाराची आजवरची सवय येथे उपयोगी पडते. अडचण अशी की, येथे मिळालेल्या यशामुळे पुढील सर्व परीक्षाही ह्याच जातीच्या असतील, असा त्याचा ग्रह होतो.

३. अभ्यासक्रम आणि पात्रता : उत्तर ठाऊक, कारण विचारले जाते

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. संशोधनातील व प्रकाशनातील नीतिनियम हा त्यातील एक आवश्यक भाग असून उत्तीर्ण होण्यास किमान ५५ टक्के गुण किंवा तत्सम श्रेणी लागते. आपल्या देशात हा अभ्यासक्रम सार्वत्रिक झाला तो २००९ च्या नियमावलीपासून. तत्पूर्वी पुष्कळ विद्यापीठांत उमेदवार नोंदणी करून थेट प्रबंधास लागत असे.

आयोगाच्या नियमावलीत ह्याखेरीज वेगळ्या पात्रतापरीक्षेची सक्ती नाही. परंतु आय.आय.टी.सारख्या संस्थांत आणि अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या उमेदवारास 'क्वालिफायर' नावाची परीक्षा द्यावी लागते. हिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्वाधिक धास्ती हिचीच असते.

एक साधे उदाहरण घेऊ. काही वस्तू दोन-दोन करून तुलना करीत क्रमाने लावावयाच्या आहेत. पदवीच्या परीक्षेत विचारतात : क्रम लावण्याची अमुक रीत लिहा. पात्रतापरीक्षेत विचारतात : ह्याहून कमी तुलनांत काम भागविणारी रीत कोणासही कधीही सापडणार नाही, हे कशावरून? येथे पाठांतर थांबते. उत्तराची दिशा अशी : तीन वस्तूंचे एकूण सहा क्रम संभवतात. एका तुलनेचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असल्याने दोन तुलनांनी फार तर चार शक्यता वेगळ्या करता येतात. सहा क्रम वेगळे करावयाचे तर तिसरी तुलना अटळ आहे. आठ वस्तूंचे ४०,३२० क्रम होतात. पंधरा तुलनांनी ३२,७६८ शक्यताच वेगळ्या होतात. म्हणून कोणतीही रीत घेतली तरी काही प्रसंगी निदान सोळा तुलना कराव्या लागणारच. रीत कोणती हे ठाऊक नसतानाही सर्व रीतींविषयी एक विधान सिद्ध झाले. ही विचारसरणी अंगवळणी पडली आहे काय, हे पात्रतापरीक्षा पाहते.

परीक्षकास उत्तर येथेही ठाऊक असते. परंतु त्याचे लक्ष उत्तरावर नसून त्यामागील कारणपरंपरेवर असते. उमेदवार मधेच थांबला, चुकला, आणि आपली चूक आपणच ओळखून मागे फिरला, तर बहुधा त्याची गणना उत्तम उमेदवारांत होते. घडाघड म्हणून दाखवणारा, पण 'का' म्हणताच गप्प होणारा, मागे पडतो.

आपल्या कल्पित उमेदवारास ह्या टप्प्यावर दोन शास्त्रांची तयारी लागेल. संभाव्यतेचे गणित व यंत्रास शिकविण्याच्या रीती ही एक बाजू, आणि प्राकृत भाषा व ब्राह्मी लिपी ही दुसरी. दुसरी बाजू 'पुढे पाहू' म्हणून सोडणारे पुष्कळ असतात. ती पुढच्याच टप्प्यावर आडवी येते.

४. संशोधनाचा आराखडा : उत्तर कोणासच ठाऊक नाही

ह्यानंतर उमेदवाराने आपल्या संशोधनाचा आराखडा समितीपुढे मांडावयाचा असतो. येथे परीक्षेची जातच बदलते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आजवरचे काम. आता प्रश्नच आपण घालावयाचा, आणि त्याचे उत्तर समितीतील कोणासही ठाऊक नसते. मात्र प्रश्न नीट घातला आहे की नाही, हे समितीस उत्तम कळते.

'संगणकाद्वारे ब्राह्मी शिलालेखांचे वाचन' हा विषय आहे, प्रश्न नव्हे. त्यावर समिती काय विचारील, ते पाहू.

पहिली शंका सामग्रीची. यंत्र उदाहरणांवरून शिकते. ब्राह्मीतील सुमारे तेहेतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकास सात-आठ स्वरचिन्हे लागतात असे मानले, तर अडीचशेच्या आसपास आकृती होतात. तीन लहान लेखांत त्यांतील फारच थोड्या आढळणार, आणि त्याही एखाददुसऱ्या वेळी. बेडशाच्या लेखांवरून यंत्र बेडशाचे लेख वाचावयास शिकू शकणार नाही, हे उघड आहे. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी येथील लेख घ्यावे लागतील. पण मग कालभेदाने आणि कोरणाऱ्याच्या हाताने अक्षराचे वळण बदलते, त्याचे काय?

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. बरोबर उत्तर कोणते, हे कोण ठरविणार? पुष्यणकाच्या लेखात 'पुत्र' ह्या अर्थाचा शब्द 'पुत' असा कोरला आहे आणि 'श्रेष्ठी' ह्या अर्थाचा 'सेठि' असा. बोलताना हे शब्द 'पुत्त' आणि 'सेट्ठि' असे द्वित्वयुक्त होते, हे प्राकृताच्या व्याकरणावरून आपण जाणतो. परंतु त्या काळच्या लेखनात द्वित्व सहसा दाखवीत नसत. आता यंत्राने 'पुत' असे वाचले आणि तुलनेसाठी घेतलेल्या पाठात 'पुत्त' असे छापलेले असले, तर यंत्र चुकले म्हणावयाचे काय? डोळ्यांना दिसणारे अक्षर वाचणे हे एक काम, आणि भाषेच्या ज्ञानाने शब्द पुरा करणे हे दुसरे. प्रयोगापूर्वी ह्यांपैकी आपले काम कोणते, हे उमेदवाराने ठरविले नाही, तर शेवटी मिळालेल्या टक्केवारीस काहीच अर्थ राहत नाही. प्राकृताकडे दुर्लक्ष करणारा उमेदवार अडकतो तो येथे.

तिसरी शंका यंत्राच्या परीक्षेची. विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिका आधी दाखविली तर परीक्षा वाया जाते, यंत्राचेही तसेच. एकाच अक्षराची दोन छायाचित्रे, एक सकाळच्या उन्हातले आणि एक दुपारचे, असली, आणि त्यांतील एक शिकविण्याच्या सामग्रीत व दुसरे तपासण्याच्या सामग्रीत गेले, तर यंत्राने ते ओळखले ह्यात नवल नाही. त्याने ते आधीच पाहिलेले असते. असे निष्कर्ष कागदावर भव्य दिसतात आणि प्रत्यक्ष लेण्यात निरुपयोगी ठरतात.

ह्या शंका पचवून मांडलेला प्रश्न काहीसा असा होईल : इतर लेण्यांतील लेखांवर शिकविलेली पद्धती बेडशाचे पूर्वी न दाखविलेले लेख अक्षरशः किती अचूक वाचते; आणि जेथे अक्षर झिजले आहे तेथे ती खोटे उत्तर ठोकून न देता आपली अनिश्चितता दाखविते काय? हा प्रश्न लहान आहे. त्याचे उत्तर 'नाही' असे आले तरी ज्ञानात भर पडते. आराखड्याची कसोटी हीच होय. दोन्ही बाजूंनी उत्तर आले तरी ज्याचा उपयोग होतो, तो प्रश्न चांगला.

अनुभवाच्या जोरावर योग्य प्रश्न ओळखण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण ह्याच लिपीच्या इतिहासात आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मीची अक्षरे उलगडली, तेव्हा सांचीच्या कठड्यांवरील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात, हे त्याच्या ध्यानात आले. तो लेखांचा अर्थ काय ह्या मोठ्या प्रश्नाच्या मागे प्रथम लागला नाही. दरवेळी शेवटी येणारा हा शब्द कोणता, हा लहान प्रश्न त्याने स्वतःस विचारला. तो शब्द 'दान' हा निघाला. पुष्यणकाचा लेखही दानाच्याच शब्दाने संपतो.

५. समिती आणि मधली वर्षे

आराखडा मान्य झाल्यावरचा काळ सर्वांत लांब आणि सर्वांत एकाकी असतो. त्यासाठी संशोधन सल्लागार समितीची योजना आहे. मार्गदर्शक तिचा निमंत्रक असतो. प्रत्येक सत्रात उमेदवाराने तिच्यापुढे आपली प्रगती मांडावी आणि तिने पुढील मार्ग सुचवावा, असा नियम आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त ह्याच हेतूने वार्षिक प्रगती-परिसंवाद होतो.

गोभूतीच्या स्तूपाजवळील लेखाची काही अक्षरे झिजली आहेत. अभ्यासकांनी केलेल्या वाचनानुसार त्यात शिष्यासाठी 'अंतेवासी' हा शब्द आला आहे. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सन्निध राहणारा. विद्या एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे सान्निध्याने जाते, ही त्यामागील धारणा आजही खोटी नाही. मात्र आजच्या व्यवस्थेने त्यात एक बदल केला आहे. शिष्याचे भवितव्य एकट्या गुरूच्या हाती राहू नये, म्हणून तिने समितीची साक्ष घातली. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार ह्यांहून अधिक उमेदवार असू नयेत, हा नियमही त्याच दृष्टीने केलेला आहे. सान्निध्य वाटून वाटून किती वाटणार?

प्रगतीच्या ह्या बैठका औपचारिक समजून उरकून टाकण्याची प्रवृत्ती उमेदवारांत व समित्यांतही दिसते. संगणकशास्त्रात ती विशेष घातक आहे. ह्या शास्त्रात साधने फार वेगाने जुनी होतात. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' ही नवी रचना मांडली आणि भाषेच्या संगणकीय प्रक्रियेतील बहुतेक जुन्या रीती काही वर्षांतच मागे पडल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांपुढे आले, तेव्हा अनेकांच्या चालू प्रबंधांतील प्रयोग एका रात्रीत जुने वाटू लागले. ज्यांनी विशिष्ट साधनाच्या नावाने विषय घेतला होता त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्यांचा प्रश्न साधनाहून स्वतंत्र होता, त्यांनी साधन बदलले आणि प्रश्न कायम ठेवला. झिजलेल्या अक्षरापुढे यंत्र आपले अज्ञान कबूल करते काय, हा प्रश्न जुन्या यंत्रास विचारता येतो तसा नव्यासही; किंबहुना नव्यास तो अधिक अगत्याने विचारावा लागतो, कारण नवे यंत्र अधिक सफाईने बोलते. ही गोष्ट वेळेवर ध्यानात आणून देणे, हे समितीचे खरे काम.

कालमर्यादेचाही येथेच विचार केला पाहिजे. अभ्यासक्रम धरून किमान ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे अशी मुदत आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षांपर्यंत मुदत वाढते. स्त्री-उमेदवारांस आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांस त्याहूनही २ वर्षे अधिक, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत, मिळू शकतात. प्रसूती व बालसंगोपनासाठी एकंदर २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. नोकरी सांभाळून, मालकाचे ना-हरकत पत्र घेऊन, अर्धवेळ संशोधनही करता येते. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवीत, सुटीच्या दिवशी पुण्यास येऊन काम करणारे अनेक उमेदवार ह्या वर्गात मोडतात. त्यांच्या बाबतीत सहा वर्षांचा काळ कागदावर मोठा आणि व्यवहारात लहान असतो. पहिली तीन वर्षे विषयाच्या विस्तारात गेली आणि प्रश्न चौथ्या वर्षी सापडला, तर बुद्धी असूनही पदवी हातची जाते. नोंदणी संपुष्टात येणे ही त्या माणसाच्या घरादाराने सोसलेल्या खर्चाची आणि श्रमाची हानी असते. म्हणून आराखड्याच्या टप्प्यावर कठोर होणारी समिती ही खरोखर दयाळू समिती होय.

६. प्रबंध आणि परीक्षक : उत्तर उमेदवाराजवळ

काम पुरे झाल्यावर प्रबंध सादर करण्यापूर्वी उमेदवाराने समितीपुढे एक निवेदन करावयाचे असते. विभागातील अध्यापक व इतर संशोधक विद्यार्थी ह्यांना तेथे येण्याची मोकळीक असते. तेथील सूचनांनुसार प्रबंध सुधारला जातो. त्यानंतर वाङ्मयचौर्याची तपासणी होते. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के आढळल्यास एक वर्ष तो देताच येत नाही, आणि त्याहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते.

प्रकाशनाची अट मात्र बदलली आहे. २०१६ च्या नियमावलीनुसार प्रबंधापूर्वी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांत दोन निबंध वाचणे आवश्यक होते. २०२२ च्या नियमावलीने ही देशव्यापी सक्ती काढून टाकली. सक्तीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले होते, हे लक्षात घेता हा बदल योग्य म्हणावा लागेल. परंतु संगणकशास्त्रात प्रकाशनास स्वतःचे मोल आहे. ह्या शास्त्रात नियतकालिकांहूनही परिषदांना अधिक मान असतो, आणि तेथे अनोळखी परीक्षक निबंध बारकाईने तपासतात. सक्ती नसली तरी ही तालीम उमेदवाराने चुकवू नये.

प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षकांकडे जातो. त्यांतील एक शक्यतो परदेशातील असावा, अशी अपेक्षा आहे. एका बहिःस्थ परीक्षकाने तो नाकारल्यास दुसरा परीक्षक नेमण्याची तरतूद आहे. प्रबंध आल्यापासून सहा महिन्यांत सर्व कार्यवाही पुरी व्हावी, असेही नियमावली म्हणते.

ह्या परीक्षकांची स्थिती पहिल्या परीक्षकांच्या नेमकी उलट असते. त्यांच्याजवळ गुरुकिल्ली नाही. त्यांना उत्तर ठाऊक नाही. ते उमेदवाराकडूनच कळणार आहे. म्हणून ते विचारतात ते पुराव्याविषयी. संगणकशास्त्रात पुरावा तीन जातींचा असतो : गणिती सिद्धता, मोजमापाचा प्रयोग, आणि प्रत्यक्ष उभारलेली कार्यप्रणाली. ह्यांतील तिसरी जात सर्वांत मोहक आणि एकटी असल्यास सर्वांत दुबळी. प्रणाली चालते, एवढ्यावरून ती का चालते हे कळत नाही. म्हणून तिला मोजमापाची जोड द्यावी लागते, आणि मोजमाप इतरांस पुन्हा करून पाहता येईल अशा रीतीने सामग्री व कृती नोंदवावी लागते.

७. मौखिक परीक्षा

परीक्षकांचे अहवाल अनुकूल आल्यावर मौखिक परीक्षा होते, आणि ती विभागातील अध्यापकांस व संशोधकांस खुली असते. ह्याबाबत देशोदेशींच्या प्रथा भिन्न आहेत. इंग्लंडात ती बहुधा दोन परीक्षकांसमवेत बंद दाराआड होते. अमेरिकेत आधीपासून काम पाहत आलेली समितीच शेवटी निर्णय देते. हॉलंडमध्ये ती समारंभाच्या थाटात सर्वांसमक्ष पार पडते. आपली पद्धत लेखी अहवाल आणि खुली चर्चा ह्यांचा मेळ घालते.

आपल्या कल्पित उमेदवारास ह्या प्रसंगी कोणते प्रश्न येतील? तुमच्या पद्धतीचा अमुक भाग काढून टाकला तर अचूकता किती घटते? केवळ अक्षराची आकृती पाहून आलेले वाचन कोणते, आणि नेहमीच्या दानलेखांच्या साच्यावरून यंत्राने केलेला तर्क कोणता? 'दान' हा शब्द शेवटी येतोच, हे शिकलेले यंत्र झिजलेल्या जागीही 'दान' वाचणार नाही काय? बेडशास जे लागू पडले ते कान्हेरीच्या उत्तरकालीन लेखांस लागू पडेल काय, आणि न पडल्यास का नाही?

ह्यांतील शेवटच्या प्रश्नावर 'ते मी तपासलेले नाही. तपासावयाचे झाल्यास अशा रीतीने तपासीन' हे उत्तर पूर्णतः समाधानकारक आहे. आपल्या निष्कर्षाची हद्द कोठे संपते हे ज्यास सांगता येते, त्याचेच काम त्याचे स्वतःचे असते. मौखिक परीक्षा हीच गोष्ट पाहते. ती स्मरणशक्ती पाहत नाही, वक्तृत्वही पाहत नाही.

येथे मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. संगणकशास्त्रातील प्रबंध बहुधा इंग्रजीत असतो आणि चर्चाही त्याच भाषेत चालते. त्यामुळे विषय पक्का असूनही अनेकजण संकोचतात, आणि तो संकोच झाकण्यासाठी परिभाषेचा आश्रय घेतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. परिभाषा पाठ करता येते. प्रश्न पाठ करता येत नाही. अशा उमेदवाराने प्रत्येक टप्प्यापूर्वी आपला प्रश्न, आपली रीत, आपला पुरावा, आपला निष्कर्ष आणि त्याची हद्द ही पाच वाक्यांत मराठीत, विषय न जाणणाऱ्या पण समंजस अशा माणसास सांगून पाहावीत. ती सांगता आली तर इंग्रजीतील अडखळणे परीक्षक मनावर घेत नाहीत. ती सांगता आली नाहीत, तर उणीव भाषेची नसून विचाराची आहे, हे त्याचे त्यालाच कळेल आणि वेळीच कळेल.

सारांश, प्रवेशपरीक्षा उमेदवाराचे पूर्वज्ञान पाहते, पात्रतापरीक्षा त्या ज्ञानामागील कारणे पाहते, आराखडा प्रश्नाची घडण पाहतो, सल्लागार समिती वाटचाल पाहते, बहिःस्थ परीक्षक पुरावा पाहतात, आणि मौखिक परीक्षा त्या सर्वांवरील उमेदवाराचा अधिकार पाहते. ह्यांपैकी कोणतीही परीक्षा दुसरीचे काम करू शकत नाही. म्हणूनच एकीच्या तयारीने दुसरीस सामोरे जाऊ नये. उमेदवाराने, आणि त्याच्या मार्गदर्शकानेही, प्रत्येक टप्प्याच्या आधी एवढेच स्वतःस विचारावे की, ह्या वेळी उत्तर कोणाजवळ आहे. त्यावरून तयारी कोणती करावयाची, हे बहुधा आपोआप ठरते.